डेबियन: पहिला बग नोंदवण्यापासून पॅकेज हातात घेईपर्यंत

डेबियन या लिनक्स सिस्टीममधलं पॅकेज (बसवायला तयार असा प्रोग्रामचा संच) सांभाळणारी व्यक्ती, म्हणजे मेंटेनर, बहुतेक वेळा हे काम पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करते. रात्री जेवणं आटोपल्यावर मेल उघडायची, आलेल्या बगांपैकी जो वाचल्या वाचल्या आपल्या मशीनवर करून बघता येईल तो आधी घ्यायचा, बाकीचे मागे. तुमचा बग त्या पहिल्या ढिगात पडावा एवढ्यासाठी पुढची सगळी खटपट आहे. पॅकेज सांभाळायला शिकायचं असेल तरी सुरुवात इथूनच करा, कारण मेंटेनरचाही बराच वेळ दुसऱ्यांचे बग वाचण्यातच जातो.

कमांड, फाइली आणि टॅग यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## बग कुणाच्या दारात न्यायचा

आधी बघा, बिघडलेलं पॅकेज डेबियनचंच आहे का. ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव अशी कमांड दिली की बसवलेल्या व्हर्जनसमोर तीन तारे दिसतात आणि त्याखाली ती व्हर्जन कुठून आली तो पत्ता. तिथे डेबियनचा पत्ता नसेल, एखाद्या कंपनीची रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) असेल किंवा नुसती ‘डीपीकेजी/स्टेटस’ची, म्हणजे मशीनवरच्या नोंदीची, ओळ असेल, तर तो बग डेबियनकडे नेऊ नका. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या डेबियनबाहेरच्या वाटांनी घेतलेल्या गोष्टींनाही हेच लागू. उबुंटू डेबियनवरून बनतं खरं, पण त्याचे बग लाँचपॅड या उबुंटूच्या साइटवर जातात. तोच दोष शुद्ध डेबियनमध्ये करून दाखवता आला तरच इकडे या.

मग पॅकेजचं नेमकं नाव. फाइलचा मार्ग माहीत असेल तर ‘डीपीकेजी -एस’ (इथला एस कॅपिटल) ती कुठल्या पॅकेजची ते सांगतं. इथे एक खड्डा आहे. ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ आता एकच जागा असल्या तरी पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीच्या वहीत फाइल ज्या मार्गाने नोंदलेली असेल त्याच मार्गाने ती सापडते. बुकवर्ममध्ये (डेबियन १२) ‘एलएस’ या कमांडची नोंद ‘/बिन’खाली होती, म्हणून ‘/यूएसआर/बिन/एलएस’ विचारलं की ‘सापडत नाही’ असं उत्तर यायचं. त्यानंतरच्या ट्रिक्सीत (डेबियन १३) उलटं. एका वाटेने नाही मिळालं तर दुसरीने विचारा.

तिसरी तपासणी नवे लोक हमखास गाळतात: बग आधीच सुटला आहे का? तुमच्याकडे स्टेबल, म्हणजे प्रसिद्ध झालेली शाखा, असते (ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, ऑगस्ट २०२५ मध्ये आलं), तर मेंटेनर काम करतो अनस्टेबल या चालू कामाच्या शाखेवर, जिला सगळे ‘सिड’ म्हणतात. डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर पॅकेजचं नाव टाकलं की कुठल्या शाखेत कुठली व्हर्जन आहे ते एका नजरेत दिसतं. शक्य असेल तर सिडचं व्हर्च्युअल मशीन उभारून तिथे करून बघा. ‘सिडमधल्या व्हर्जनमध्येही होतं’ हे एक वाक्य बगाची किंमत दुप्पट करतं.

मराठी वापरणाऱ्याला रोज भेटणारं उदाहरण घेऊ. एखाद्या एडिटरमध्ये ‘दुसऱ्या’ लिहिलं आणि ‘ऱ्या’ ऐवजी ‘र्या’, म्हणजे रफार आलेला ‘या’, दिसला. बग कुणाचा? घाई नको. फाइल ‘हेक्सडम्प -सी’ ने (हा सीसुद्धा कॅपिटल) उघडून त्या जागचे बाइट बघा. ‘ई० ए४ बी१’ असेल तर ते नुक्त्याचं ऱ, युनिकोडमध्ये यू+०९३१, म्हणजे टंकन बरोबर आहे. ‘ई० ए४ बी०’ असेल तर साधा र पडला आहे. साध्या र ला हलन्त आणि पुढे य दिला की ‘सूर्य’सारखा रफारच यायला हवा. तेव्हा दोष दाखवणाऱ्या प्रोग्रामचा नसून कीबोर्ड लेआउटचा किंवा आपल्या बोटांचा.

बाइट बरोबर असूनही चुकीचं दिसत असेल तर फॉन्ट बदला. ‘एफसी-मॅच’ला ‘सॅन्स:लँग=एमआर’ विचारलं की मराठीसाठी सिस्टीम कुठला फॉन्ट उचलते ते कळतं. लोहित फॉन्टमध्ये ठीक आणि दुसऱ्यात बिघडलेलं असेल तर बग त्या दुसऱ्या फॉन्टच्या पॅकेजवर. तोच फॉन्ट इतर प्रोग्राममध्ये नीट दिसत असेल तर बग एडिटरवर. सगळे फॉन्ट सगळीकडे सारखेच चुकत असतील तरच हार्फबझकडे, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडे, बोट दाखवा. ही दहा मिनिटांची चाळणी केलीत की पॅकेज-पॅकेज फिरण्यात जाणारे महिने वाचतात.

## रिपोर्टबग

डेबियनची बग नोंदवही ईमेलवर चालते. वेबवर वाचता येते, पण नोंद करायची ती मेलनेच. मेल हाताने लिहिता येतो, तरी सुरुवातीला ‘रिपोर्टबग’ हे साधन वापरा. पहिल्यांदा ते मोड विचारतं (‘नोव्हिस’ ठेवा), नाव आणि मेलचा पत्ता विचारतं. मशीनवर मेल सर्व्हर नसेल तर डेबियनचा स्वतःचा सर्व्हर वापरायची सोय त्यात आहे. नोंदीतलं सगळं, तुमच्या मेलच्या पत्त्यासकट, कायमचं सार्वजनिक राहतं. नंतर पुसून मिळत नाही, म्हणून पत्ता विचार करून द्या.

पॅकेजचं नाव दिलं की रिपोर्टबग त्यावरचे आधीचे बग दाखवतं. ही यादी कंटाळवाणी आहे, पण वाचा. आपलाच बग सापडला तर नवा टाकू नका. त्याच क्रमांकावर ‘माझ्याकडेही होतं, व्हर्जन अमुक’ अशी भर घाला. नुसतं ‘मलाही’ नको, व्हर्जनशिवाय त्याचा कुणाला उपयोग नाही.

मग विषयाची ओळ. ‘एडिटर नीट चालत नाही’ ही ओळ शंभर बगांना चालेल, म्हणून ती टाकाऊ. ‘यू+०९३१ नंतर हलन्त आणि य आल्यास रफार दाखवतो’ ही ओळ त्या एकाच बगाची. मेंटेनर यादीत फक्त हीच ओळ बघतो.

त्यानंतर तीव्रता, आणि भांडणं इथेच होतात. ‘क्रिटिकल’ म्हणजे पॅकेजमुळे संबंध नसलेलं दुसरं सॉफ्टवेअर किंवा सगळी सिस्टीम मोडते, डेटा मोठ्या प्रमाणावर जातो, किंवा नुसतं बसवल्याने सुरक्षेला भगदाड पडतं. ‘ग्रेव्ह’ म्हणजे पॅकेज जवळजवळ कुणालाच वापरता येत नाही, किंवा वापरणाऱ्याचा डेटा किंवा खातं धोक्यात येतं. ‘सीरियस’ म्हणजे डेबियन पॉलिसीतल्या सक्तीच्या नियमाचा भंग. हे तिन्ही रिलीज अडवणारे. टेस्टिंगमधल्या (पुढचं स्टेबल जिथे तयार होतं त्या शाखेतल्या) पॅकेजवर असा बग उघडा राहिला तर ते पॅकेज, आणि त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजं, टेस्टिंगमधून आपोआप काढली जाऊ शकतात. तुमच्या एकट्याच्या मशीनवर प्रोग्राम उघडत नाही म्हणून ग्रेव्ह लावलात तर मेंटेनर पहिल्याच मिनिटाला वैतागणार. ‘इम्पॉर्टंट’ म्हणजे मोठा त्रास, पण सगळ्यांसाठी निकामी नाही. खाली ‘नॉर्मल’, ‘मायनर’ आणि सुधारणा सुचवण्यासाठी ‘विशलिस्ट’. शंका असेल तर नॉर्मल. मेंटेनरला वाटलं तर तो चढवेल.

आता एडिटर उघडतो आणि त्यात चार प्रश्न असतात: हे घडण्याआधी काय झालं, तुम्ही नेमकं काय केलं, परिणाम काय झाला, काय व्हायला हवं होतं. मजकूर इंग्रजीत लिहावा लागतो. मोडकं इंग्रजी चालतं, मोघम चालत नाही. वरच्या उदाहरणाचा गाभा असा होईल:

१. एडिटर नव्या यूजरखाली, कोणतीही सेटिंग न बदलता उघडला.
२. जोडलेली चार ओळींची फाइल उघडली. तिसऱ्या ओळीत यू+०९३१, यू+०९४डी, यू+०९२एफ हा क्रम आहे.
३. तिथे य वर रफार दिसतो. चित्र जोडलं आहे.
४. अर्ध्या चंद्रासारखा र दिसायला हवा. त्याच फॉन्टने दुसऱ्या एडिटरमध्ये तसा दिसतो, त्याचंही चित्र जोडलं आहे.

मराठी न येणाऱ्या मेंटेनरला ‘चुकीचं’ म्हणजे काय ते दिसत नसतं, म्हणून बरोबर आणि चूक अशी दोन्ही चित्रं शेजारी हवीत. ‘नव्या यूजरखाली’ हेही महत्त्वाचं. आपल्या होम डिरेक्टरीतल्या जुन्या सेटिंगमुळे होणारे दोष तिथेच गळून पडतात.

शेवटी रिपोर्टबग कर्नल, लोकेल (भाषेची सेटिंग) आणि डिपेंडन्सींच्या (पॅकेज ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजांच्या) व्हर्जन आपोआप जोडतं. बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइली जोडू का असंही विचारतं. त्यात पासवर्ड किंवा घरच्या नेटवर्कचे पत्ते नाहीत ना, हे डोळ्यांनी बघूनच हो म्हणा. आणि एका मेलमध्ये एकच बग. तीन दोष एकत्र लिहिले की त्यातला एक सुटल्यावर नोंद बंद करायची की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

सुरक्षेचा, अजून जगजाहीर न झालेला दोष असेल तर यातलं काहीही करू नका. तो डेबियनच्या सिक्युरिटी टीमला खाजगी मेलने कळवायचा.

## प्रोग्राम कोसळत असेल तर

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे दोन शब्द पाठवून भागत नाही. ‘सिस्टमडी-कोरडम्प’ आणि ‘जीडीबी’ हा डीबगर बसवा, प्रोग्राम पुन्हा कोसळू द्या, मग ‘कोरडम्पसीटीएल जीडीबी’ चालवा. जीडीबी ‘डीबगइन्फोडी’ वापरू का असं विचारेल, तेव्हा हो म्हणा. डेबियनच्या सर्व्हरवरून लागणारी डीबग चिन्हं (फंक्शनची नावं दाखवणारी माहिती) ते स्वतः उतरवून घेतं. न विचारता पुढे गेलं तर ‘-डीबीजीसिम’ने संपणारी पॅकेजं हाताने बसवावी लागतात, आणि ती मुख्य आर्काइव्हमध्ये नसून वेगळ्या डीबग आर्काइव्हमध्ये असतात. मग जीडीबीत ‘बीटी फुल’ द्या, प्रोग्राम कुठल्या फंक्शनांमधून जाऊन कोसळला ते दिसतं. आलेल्या मजकुरात फंक्शनच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर चिन्हं मिळालेली नाहीत, तसं पाठवण्यात अर्थ नाही.

काल चालत होतं आणि आज नाही, अशा बगासाठी स्नॅपशॉट आर्काइव्ह हे सोन्यासारखं आहे. पॅकेजच्या जुन्या व्हर्जन तिथे तारखेनुसार मिळतात. मधली व्हर्जन बसवा, चालते का बघा, उरलेल्याची पुन्हा मधली. पाच-सहा फेऱ्यांत दोष नेमका कुठल्या व्हर्जनमध्ये शिरला ते हाती येतं.

## क्रमांक मिळाल्यावर

थोड्या वेळात क्रमांकासह पोच येते. हल्ली तो सात अंकी असतो. पुढचं सगळं बोलणं त्या क्रमांकाच्या पत्त्यावर करायचं. उत्तर देताना समोरच्या माणसाला सीसीमध्ये स्वतः ठेवा, नोंदवही पोचवेल यावर विसंबू नका.

बगावर ‘मोअरइन्फो’ टॅग लागला की चेंडू तुमच्या कोर्टात आहे. उत्तर आलं नाही तर काही काळाने बग बंद केला जातो, आणि त्यात मेंटेनरची चूक नसते. ‘अपस्ट्रीम’ म्हणजे दोष मूळ प्रोग्रामच्या कोडमध्ये आहे, पॅकेजिंगमध्ये नाही. ‘अनरिप्रोड्यूसिबल’ म्हणजे मेंटेनरकडे तसं होत नाही, तेव्हा आणखी तपशील शोधा. ‘पेंडिंग’ म्हणजे दुरुस्ती तयार आहे, अपलोड बाकी.

मेंटेनर होण्याआधीची खरी तालीम म्हणजे दुसऱ्यांचे जुने बग चाळणं. रोज वापरता असं एक पॅकेज घ्या, त्यावरचे सगळ्यात जुने पाच बग सिडमध्ये करून बघा. अजून होत असेल तर मेलच्या पहिल्या ओळीत ‘कंट्रोल: फाउंड -१’ आणि पुढे व्हर्जन लिहा. -१ म्हणजे ‘हाच बग’. खाली काय केलं ते लिहा. होत नसेल तर तसं कळवा, पण बंद करायचं मेंटेनरवर सोडा. इथे व्हर्जनला एवढं महत्त्व का? नोंदवही बगाला ‘या व्हर्जनमध्ये आहे, त्या व्हर्जनमध्ये सुटला’ असं ओळखते, म्हणून एकच बग सिडसाठी बंद आणि स्टेबलसाठी उघडा असू शकतो.

## आधी दुसऱ्याचं पॅकेज उघडा

‘माझा आवडता प्रोग्राम डेबियनमध्ये नाही, तो आणतो’ या उत्साहाने सुरुवात करणारे बरेच जण अर्ध्यात सोडतात. नव्या पॅकेजला प्रत्येक फाइलचा परवाना तपासावा लागतो, ‘न्यू’ रांगेत (नवी पॅकेजं तपासली जाण्याच्या रांगेत) थांबावं लागतं, आणि नंतर ते आपल्याच गळ्यात राहतं. त्यापेक्षा असलेल्या पॅकेजमधला एक छोटा बग सोडवा. ‘हाऊ-कॅन-आय-हेल्प’ हे पॅकेज बसवलंत तर तुमच्या मशीनवरच्या कुठल्या पॅकेजांना माणूस हवा आहे आणि कुठल्या बगांवर ‘न्यूकमर’ टॅग आहे ते एपीटी वापरताना दिसत राहतं.

काम सिडच्या वेगळ्या क्रूटमध्ये (मशीनच्या आतच उभारलेल्या स्वतंत्र सिस्टीममध्ये) करा, रोजच्या मशीनवर नको. एपीटीच्या सोर्स यादीत ‘डेब’च्या जोडीला ‘डेब-एसआरसी’ लागतं, ते विसरलं की ‘एपीटी सोर्स’ तिथेच अडतं. उतरवल्यावर तीन गोष्टी दिसतील: मूळ लेखकाचा ‘ऑरिग’ टारबॉल (फाइलींचा एकत्र गठ्ठा), डेबियनने घातलेल्या गोष्टींचा दुसरा टारबॉल, आणि दोन्हींची नोंद असलेली ‘डीएससी’ फाइल. आपलं राज्य फक्त ‘डेबियन’ नावाच्या डिरेक्टरीपुरतं. मूळ कोडमधला बदलही थेट करायचा नाही. तो ‘क्विल्ट’ या साधनाने पॅच (नेमका बदल सांगणारी फाइल) बनवून ‘डेबियन/पॅचेस’मध्ये ठेवायचा. पॅचच्या माथ्यावर तो कशासाठी, कुणाचा आणि मूळ लेखकाला कळवला का, हे लिहायचं. कळवला नसेल तर कळवा, नाहीतर दर नव्या व्हर्जनला तोच पॅच पुन्हा बसवत राहाल.

‘डेबियन/कंट्रोल’मध्ये डिपेंडन्सी आणि वर्णन, ‘डेबियन/वॉच’मध्ये नवी व्हर्जन कुठे शोधायची तो पत्ता. ‘डेबियन/रूल्स’ ही मेकफाइल (बांधणीच्या आज्ञांची फाइल) आहे, त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅब हवा, स्पेस चालत नाहीत. ‘डेबियन/चेंजलॉग’ तर त्याहून हट्टी:

```
नमुना (१.४-३) अनस्टेबल; अर्जन्सी=मीडियम

  * यू+०९३१ नंतरचा रफार दुरुस्त. (क्लोजेस: #१२३४५६७)

 -- नाव <ईमेल>  तारीख
```

तारेच्या आधी दोन स्पेस, दोन डॅशच्या आधी एकच, ईमेल आणि तारखेच्या मध्ये बरोब्बर दोन. हाताने लिहायला जाल तर चुकाल, ‘डीसीएच’ ही कमांड वापरा. १.४ ही मूळ लेखकाची व्हर्जन, ३ डेबियनची आवृत्ती. ‘क्लोजेस’ची ओळ असेल तर अपलोड स्वीकारला जाताच बग आपोआप बंद होतो. मूळ लेखकाने १.५ची चाचणी आवृत्ती काढली असेल तर ती ‘१.५~आरसी१’ अशी लिहा. टिल्डमुळे ती १.५ च्या आधीची धरली जाते. टिल्डऐवजी डॅश किंवा टिंब दिलंत तर खरी १.५ आल्यावर ती जुनी ठरते आणि कुणाकडेच अपग्रेड होत नाही.

बांधणी, म्हणजे सोर्सवरून पॅकेज तयार करणं, ‘एसबिल्ड’ने करा. ते दरवेळी कोऱ्या क्रूटमध्ये बांधतं, त्यामुळे तुमच्या मशीनवर योगायोगाने असलेल्या लायब्ररीवर पॅकेज टेकलेलं असेल तर लगेच उघडं पडतं. हे नाही केलं तर बिल्ड सर्व्हरवर बांधणी मोडते आणि ‘सोर्सवरून बांधता येत नाही’ असा सीरियस बग तुमच्याच नावाने येतो. मग पॅकेजमधल्या चुका शोधणारं ‘लिंटियन’ चालवा. एररचा प्रत्येक शब्द वाचा, वॉर्निंग समजून घ्या. त्याखालच्या सूचना गप्प करण्यासाठी ओव्हरराइडचा (अपवादांचा) ढीग मात्र घालू नका.

## अपलोड

तुम्हाला अपलोडचा हक्क नसतो, म्हणून स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा डेबियन डेव्हलपर, लागतो. मेंटेनर जागा असेल तर नुसता पॅच बगाला जोडून ‘पॅच’ टॅग लावा, किंवा डेबियनच्या गिटलॅबवर, साल्सावर, मर्ज रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) द्या. बाकी तो बघेल. पॅकेज अनाथ असेल, म्हणजे माणूस हव्या असलेल्या पॅकेजांच्या ‘डब्ल्यूएनपीपी’ यादीत त्यावर ‘ओ’ने सुरू होणारा बग असेल, तर त्याचं शीर्षक ‘आयटीए’ (दत्तक घेण्याचा इरादा) करून ते घेत असल्याचं जाहीर करा. सही केलेलं सोर्स पॅकेज ‘मेंटर्स’ या साइटवर चढवा आणि ‘स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्स’वर ‘आरएफएस’ (स्पॉन्सर हवा असा) बग टाका. बाकी शंभर आरएफएसमधून तुमचा उचलला जावा असं वाटत असेल तर बदल लहान ठेवा.

मेंटेनर उत्तरच देत नसेल आणि पॅकेज धूळ खात असेल तर त्यालाही रीत आहे. ‘आयटीएस’ (पॅकेज वाचवण्याचा इरादा) बग टाकायचा, २१ दिवस थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर ७ दिवसांच्या विलंबित रांगेत अपलोड करायचं. मध्येच मेंटेनर जागा झाला तर भांडू नका, त्याच्याबरोबर मिळून सांभाळा.

बरेच अपलोड झाले आणि तुमच्या कामावर डेव्हलपरांचा भरवसा बसला की ‘डेबियन मेंटेनर’ म्हणून अर्ज करता येतो. मग ठरावीक पॅकेजांसाठी स्पॉन्सर लागत नाही. त्याला डेबियन डेव्हलपरने सही केलेली जीपीजी की (डिजिटल सहीची किल्ली) लागते, आणि सही करणारे सहसा प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघूनच करतात. भारतात होणाऱ्या मिनी-डेबकॉन्फसारख्या डेबियनच्या मेळाव्यांचा हा व्यावहारिक उपयोग. २०२३ ची मुख्य डेबकॉन्फ तर कोचीलाच झाली.

कोड लिहायचा नसेल तरी दार बंद नाही. पॅकेज बसवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची मराठी भाषांतरं ‘एमआर.पीओ’ फाइल जोडून, विशलिस्ट तीव्रतेने आणि ‘एल१०एन’ व ‘पॅच’ या टॅगांसह नोंदवता येतात.

अपलोड सिडमध्ये पोचला म्हणजे संपलं नाही. चेंजलॉगमधली अर्जन्सी (निकड) मीडियम असेल तर टेस्टिंगमध्ये जायला सहसा ५ दिवस, लो असेल तर १०, हाय असेल तर २. त्या काळात नवा रिलीज अडवणारा बग आला, एखाद्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) बांधणी मोडली किंवा दुसऱ्या पॅकेजची चाचणी तुमच्यामुळे नापास झाली तर ते तिथेच अडकतं. कारण ट्रॅकरच्या पानावर लिहिलेलं असतं, रोज एकदा बघा. बायनरी, म्हणजे बांधून तयार पॅकेज, आपल्या मशीनवर बांधून चढवली असेल तरी अडकतं, कारण टेस्टिंगमध्ये जाणारं पॅकेज डेबियनच्या बिल्ड सर्व्हरवरच बांधलेलं लागतं. म्हणून न्यू रांग सोडली तर कायम सोर्स-ओन्ली, म्हणजे फक्त सोर्सचं, अपलोड करा.

बंद झालेल्या बगावर २८ दिवस कुणी काही बोललं नाही की तो आर्काइव्हमध्ये जातो. नंतर कुणाकडे तोच दोष परत उगवला आणि त्याच क्रमांकावर बोलायचं असेल तर आधी नोंदवहीच्या ‘कंट्रोल’ या मेल पत्त्यावर ‘अनआर्काइव्ह’ पाठवायचं, मग ‘फाउंड’ आणि नवी व्हर्जन.